दिवा आपोआप विझतो

"पहिल्यांदाच आलात का?" दारात टेबल टाकून बसलेल्या बाईनं विचारलं, आणि मी तोंड उघडायच्या आत, "घाबरू नका हं, इथे कुणी कुणाला हसत नाही," असंही सांगून ती मोकळी झाली. मी "हो" म्हटलं. का म्हटलं, देव जाणे. तिच्यासमोर चिकटपट्ट्यांचा गठ्ठा होता, जाड शाईचं पेन होतं. माझं नाव विचारून तिनं ते ऱ्हस्व-दीर्घाची ऐशीतैशी करत एका पट्टीवर लिहिलं आणि पट्टी माझ्या हातात दिली. मी ती निमूटपणे खांद्याखाली चिकटवली. चौदा महिन्यांपूर्वी वेबपानं बनवायला शिकवणारा हा गट मी सुरू केला होता. "इथे कुणी कुणाला हसत नाही" हे वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द माझं. पहिल्या शनिवारी ते मी दोन माणसांसमोर म्हटलं होतं, आणि त्यातला एक चारचाकीचं लायसन्स काढायला आलेला होता. आता तेच वाक्य एक परकी बाई मला ऐकवत होती, तेही थेट माझ्याच सुरात. अंगावर मूठभर मांस चढलं, हे कबूल करते. पण त्याच क्षणी कुणीतरी मला माझ्याच घराच्या दारात थांबवून काय काम आहे असं विचारल्यासारखं वाटलं, हेही खरंच.

दोन महिने मी आले नव्हते, एवढंच. आईच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं पाठोपाठ झाली, आणि दर तीन तासांनी थेंब घालायचे तर शनिवार-रविवार असा भेदभाव डोळे करत नाहीत. पट्टी सुटल्यावर आईनं मला पहिलं वाक्य ऐकवलं ते असं: "तुझ्या कपाळावर एवढ्या आठ्या कधी पडल्या गं?" असो. दोन महिन्यांत माणसं आपल्याला विसरली अशातला भाग नव्हता. विसरायला आधी ओळखावं लागतं, आणि दारातली बाई गटात आली तेव्हा मी नव्हतेच. आत त्रेचाळीस डोकी होती. मी मोजली. त्यातली ओळखीची अकरा. बाकीचे बत्तीसजण माझ्या गैरहजेरीत कुठून उगवले होते, आणि कसे छान ऐसपैस बसले होते. खोली ड्रायव्हिंग स्कूलची. भिंतभर रस्त्यावरच्या खुणांचे तक्ते, वळण, चढ, पुढे शाळा, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर मधोमध कापलेलं एक खरं इंजिन, ज्याचे दट्टे हातानं फिरवून वरखाली करता येतात. शनिवारी दुपारी तिथे शिकवणी नसते म्हणून स्कूलच्या मास्तरांनी ती आम्हाला दिली, आणि अट एकच घातली की आपणही मागे बसून ऐकणार. पहिल्याच दिवशी त्यांनी हात वर करून विचारलं होतं, "तुमच्या या फ्रेमवर्कात ब्रेक कुठे असतो?" प्रश्नाला काही अर्थ नव्हता, पण मी एका सेकंदात उत्तर दिलं होतं. काय दिलं ते आता आठवत नाही. मास्तरांचं समाधान झालं होतं एवढं आठवतं.

असं एका सेकंदात उत्तर देणं हे आमच्या घराण्यात आहे. आई टेलिफोनच्या चौकशी विभागात तीस वर्षं होती. "माहीत नाही" हे दोन शब्द तिला नोकरीत म्हणायला मनाई होती, आणि ती मनाई तिनं घरीही चालू ठेवली. वाटेत कुणी पत्ता विचारला की आई थांबायची, हातातली पिशवी खाली ठेवायची आणि सरळ जा, दुसऱ्या गल्लीला वळा, पिवळी इमारत लागेल, असं डोळ्यांसमोर चित्र उभं करून सांगायची. इमारत पिवळी असायची की नाही हा वेगळा मुद्दा. मी नऊ वर्षांची असताना एक गृहस्थ असाच पत्ता विचारून गेले आणि तासाभरानं, घामाघूम होऊन, नेमके आमच्याच दाराशी येऊन पुन्हा विचारू लागले. त्यांनी आईला ओळखलं नाही. आईनं त्यांना ओळखलं, आणि तितक्याच ठामपणे त्यांना दुसराच रस्ता सांगितला. मी तिच्या मागे उभी होते. मला ती गल्ली माहीत होती, माझी एक मैत्रीण तिथे राहायची. मी काही बोलले नाही. ते गृहस्थ "फार आभारी आहे" म्हणून निघाले आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. शर्ट मधोमध ओला झाला होता.

पाचव्या रांगेत मी खुर्ची धरली. दारातली बाई टेबल आवरून आत आली आणि नवखीची काळजी घ्यायची म्हणून मुद्दाम माझ्या शेजारी बसली. तिशी ओलांडलेली, हसरी, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये स्वागताला बसणारी. नंबर कुणाचा लागला हे दाखवणारा लॅबमधला पडदा तिनं स्वतः बनवला होता, आमच्या गटात शिकून, आमच्या फ्रेमवर्कवर. "मला आधी संगणक म्हणजे फक्त पावत्या काढायचं यंत्र वाटायचं," ती म्हणाली. "इथले धडे वाचा तुम्ही. नऊ आहेत. कुणी लिहिलेत कोण जाणे, नाव नाही घातलेलं, पण काय लिहिलेत हो. तिसरा धडा तर मला तोंडपाठ आहे. 'तुकडा म्हणजे खोली. माणूस खोलीतून बाहेर पडला की दिवा आपोआप विझतो.' संपलं. एका वाक्यात डोक्यात उजेड पडतो." मी "वा" म्हटलं. धड्यांवर नाव घालायचं नाही हे मीच ठरवलं होतं, मोठ्या मनानं. गट कुणा एकाचा नसतो वगैरे मी तेव्हा बोलले होते, आणि बोलताना मला माझाच अभिमान वाटला होता. त्या मोठेपणाचा असाही उपयोग होईल, लपायला, हे त्या वेळी डोक्यात नव्हतं.

कारण तिसरा धडा चूक आहे. दिवा आपोआप विझत नाही. दोन वर्षांपूर्वी हे फ्रेमवर्क आलं तेव्हा या शहरात त्याचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं. वेबपान एकसंध न लिहिता लहान लहान तुकड्यांतून जुळवायचं, आणि जो तुकडा नको असेल तो पडद्यावरून काढून टाकायचा, अशी त्याची रीत. मी विमा कंपनीत वीस वर्षं जुन्या प्रोग्रामांची डागडुजी करत आले, एकाला ठिगळ लावलं की दुसरा उसवतो. आठवडाभर रजा काढून मी हे नवं शिकले आणि प्रेमातच पडले, तेही या वयात. आठव्या दिवसापासून लोकांना शिकवायला सुरुवात. मॅन्युअल मी वाचलं, पण मी वाचते तसं: मोठ्या अक्षरातलं सगळं, बारीक अक्षरातलं मनानं. तुकडा पडद्यावरून गेला की त्याच्या पोटात चालू केलेलं घड्याळही, म्हणजे ठरावीक वेळानं तेच काम करत राहणारा टायमर, थांबत असणार, हे मला इतकं उघड वाटलं की तपासून बघावंसं वाटलंच नाही. घड्याळ थांबत नाही. ते थांबवायला एक ओळ लिहावी लागते, आणि ती ओळ या शहरात कुणीही लिहीत नव्हतं, कारण सगळे माझ्याकडून शिकले होते. न दिसणाऱ्या खोल्यांमधून शेकडो दिवे जळत राहायचे, आणि दुपार झाली की सगळ्यांची पानं हळूहळू जड होऊन बंद पडायची. मग सगळे काय करायचे, तर उठून मशीन बंद करून पुन्हा चालू करायचे. याला गटात "दुपारची डुलकी" असं लाडकं नाव पडलं होतं. फ्रेमवर्कचा स्वभावच तसा, दुपारी जरा दमतं बिचारं, असं जुने लोक नव्या लोकांना समजावून सांगत. एकानं तर पाऊण वाजता आपोआप बंद-चालू करणारा प्रोग्राम लिहून आणला होता, आणि त्याला टाळ्या मिळाल्या होत्या. माझ्याही.

हे शोधून काढलं प्रूफकाकांनी. काका छापखान्यात तेहतीस वर्षं मुद्रितशोधक होते. छापखाना बंद झाल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी ते आमच्याकडे आले, कानावर पेन्सिल तशीच ठेवून. ते मॅन्युअल वाचतात तसं जगात कुणी वाचत नसेल: पहिल्या पानापासून, बोट ठेवून, तळटिपांसकट. तीन आठवड्यांपूर्वी त्यांची मला मेल आली. मी स्वयंपाकघरात उभी होते, एका हातात आईच्या थेंबांची बाटली. मेल दोन परिच्छेदांची, अदबीची. तिसऱ्या प्रकरणाच्या अखेरीस तळटीप आहे, ती आपल्या नजरेतून निसटली असावी, धडा आपण दुरुस्त करावा की मी करू, कळवावे. सोबत तळटिपेचा फोटो. मी तो बोटांनी मोठा करून दोनदा वाचला. काकांचं बरोबर होतं, शंभर टक्के. मग मी उत्तर लिहिलं: "बघते."

आता हे "बघते" काय आहे, ते सांगायला हवं. आपल्याकडे नकार द्यायचा तर कुणी "नाही" म्हणत नाही, "बघतो" म्हणतात. गट सुरू झाला तेव्हा धडे कोण तपासेल विचारलं की बघतो, पुढच्या वेळी कोण बोलेल की बघतो, आणि मग कुणी काही बघत नाही. तिसऱ्या शनिवारी मी वैतागून फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं: "'बघतो' म्हणायचं नाही. हो किंवा नाही." तेव्हापासून दर वेळी फळा पुसला जातो आणि तो कोपरा ठेवला जातो. गट वाढला तो त्या एका ओळीनं वाढला असं माझं मत आहे. आणि त्याच हातानं मी काकांना बघते लिहिलं, आणि तीन आठवडे काहीही बघितलं नाही. धडा एवढा गाजलेला, एवढा लोकांच्या तोंडी बसलेला. तो चुकीचा होता हे सांगायचं म्हणजे मी शहराला चुकीचा पत्ता सांगितला हे सांगायचं, आणि तेही ग्रंथालयाचा निर्णय तोंडावर असताना.

ग्रंथालय म्हणजे पहिल्या रांगेत बसलेल्या ग्रंथपालबाई. सरळ पाठ, मांडीवर वही, वहीत खुणेचा दोरा. शहरातल्या सातही शाखांमधले पुस्तक शोधायचे पडदे नव्यानं करायचे होते, आणि ते आमच्या गटानं आमच्या फ्रेमवर्कवर करावेत म्हणून सहा महिने मी त्यांच्या मागे लागले होते. आज त्या शेवटचं बघायला, म्हणजे खरोखर बघायला, आल्या होत्या. हो म्हणाल्या तर आमच्या शनिवारच्या बैठकीला शहरात काहीतरी वजन येणार. नाही म्हणाल्या तर आम्ही हौशी मंडळी, इंजिनाभोवती जमणारी. मी आत येताना त्यांनी मान हलवून ओळख दिली, आणि माझ्या छातीवरच्या चुकीच्या नावाकडे एकदा बघितलं.

काका उभे राहिले. आज बोलणार ते होते हे मला माहीत होतं, विषय माहीत नव्हता. किंवा माहीत होता. त्यांनी फळ्यावर लिहिलं: "दुपारची डुलकी: कारण व उपाय." खोलीत खसखस पिकली. काकांनी पडद्यावर एक साधं पान उघडलं, तुकडे काढले, टाकले, काढले, आणि मागे चालू राहिलेली घड्याळं एकाखाली एक छापून दाखवली. यादी लांबत गेली. हसू थांबलं. शेजारची लॅबवाली पुढे सरकून बसली. मग काकांनी एकच ओळ वाढवली आणि तोच प्रकार पुन्हा केला. यादी रिकामी. कुणीतरी मागून "आयला" म्हणालं. मास्तरांनी विचारलं, "म्हणजे दोष कुणाचा?" काकांनी माझ्याकडे बघितलं, मग झटकन फळ्याकडे. "मूळ मॅन्युअलमध्ये हे नीटसं लिहिलेलं नाही," ते म्हणाले. "भाषा जरा संदिग्ध आहे. कुणाचीही चूक होईल."

या माणसानं तेहतीस वर्षांत एक स्वल्पविराम चुकीचा जाऊ दिला नव्हता, आणि आत्ता तो माझ्यासाठी भर सभेत खोटं बोलला. बोलताना त्यांचा हात नकळत कानावरच्या पेन्सिलीकडे गेला. मला आधी काय वाटलं ते लिहून टाकते: सुटले असं वाटलं. मनात पुढचं सगळं ताबडतोब जुळलंही: धडा आज घरी जाऊन गुपचूप बदलायचा, दिव्याचं वाक्य थोडं वळवून ठेवायचं, काकांना एक छानशी मेल लिहायची. सगळं निभावून नेणं मला येतं, विमा कंपनीत दुसरं काय करते मी. तेवढ्यात ग्रंथपालबाई म्हणाल्या, "म्हणजे ज्यांनी हे बनवलं, त्यांनाच ते नीट सांगता येत नाही?" एका खोट्यापुढे काकांची मजल जात नव्हती. "आणि उद्या आमच्या सात शाखांत असंच काही निघालं, तर ते कुठे लिहिलेलं सापडायचं?" त्यांनी वहीत दोरा घातला, वही मिटली आणि अगदी सौजन्यानं म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही बघतो."

खोलीतल्या जुन्या अकरा माणसांनी एकदम फळ्याच्या कोपऱ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. नव्या बत्तिसांना कळलंच नाही की आपलं काम आत्ता हातचं गेलं. मला राग आला. काकांचा नाही, बाईंचा तर नाहीच. त्या बरोबर बोलत होत्या, त्यांना रस्ता चुकीचा सांगितला गेला होता. इतकं चोख फ्रेमवर्क, इतकं स्वच्छ लिहिलेलं मॅन्युअल, आणि त्याच्या नावावर माझी बिलं फाडली जात होती आणि मी पाचव्या रांगेत नवखी म्हणून बसले होते. चौदा महिने मी या लोकांना सांगत आले की तुम्हाला जमेल, हे आपलं आहे, बेधडक हात घाला. तो विश्वास मला नाटक म्हणून कधीच वाटला नव्हता, आत्ताही वाटला नाही. चूक झाली म्हणून तो खोटा ठरत नव्हता. मी पुढे काय करते त्यावर तो ठरणार होता. एवढं स्पष्ट मला फार क्वचित काही दिसलेलं आहे.

मी उठले. "मॅन्युअल संदिग्ध नाही," मी म्हटलं. "तिसऱ्या प्रकरणाच्या शेवटी तळटीप आहे, लहान मुलाला कळेल इतकी साफ. मी ती वाचली नाही. तिसरा धडा मी लिहिलाय. नऊही मीच लिहिलेत. काकांनी ही चूक मला तीन आठवड्यांपूर्वी कळवली होती आणि मी त्यांना 'बघते' म्हणून उत्तर दिलं." शेवटच्या वाक्याला मागच्या बाजूनं मास्तर मोठ्यानं हसले, आणि एकटेच आहोत हे लक्षात येऊन थांबले. लॅबवालीनं वळून माझ्याकडे वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं यजमानीण असल्याचं हसू गेलं होतं.

"म्हणजे मी रोज साडेबाराला जेवणावरून उठून तो पडदा बंद-चालू करते, ते..."

"माझ्यामुळे."

"लोक ओरडतात माझ्यावर. नंबर अडकतो, मग ओरडतात."

"हो."

मला वाटलं ती आता काहीतरी समजूतदार बोलेल. लोक अशा वेळी बोलतात. तिनं लॅपटॉप उघडला. "काका, ती ओळ कुठे घालायची ते आधी दाखवा," ती म्हणाली. "बाकीचं नंतर." काका तिच्याजवळ आले, वाकले, आणि दाखवू लागले. मी बाजूला झाले, कारण मी मध्ये उभी होते. आजूबाजूच्या दहा-बाराजणांनी आपापली मशीनं उघडली. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. मला बोचलं, नाही असं नाही. पण खोलीभर बोटं चालायला लागली होती, आणि तो आवाज मला आवडतो, मी तिथे कुणी असले-नसले तरी आवडतो, हे मला त्या मिनिटाला कळलं.

ग्रंथपालबाई उठल्या नव्हत्या. "बाकीच्या आठ धड्यांत अशा किती असतील?" त्यांनी मला विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

मी काही पुढे जोडलं नाही. जोडण्यासारखं बरंच होतं जिभेवर. "मग आज तेच करा," त्या म्हणाल्या. "सगळे इथेच आहात. चौथा धडा माझ्याकडे द्या. मला यातलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे मला कळणार नाही तिथे तिथे मी खूण करत जाईन. शाखांमधल्या आमच्या मुली यावरूनच शिकणार आहेत, त्यांना चुकीचं शिकवून मला चालायचं नाही." त्यांनी वही पुन्हा उघडली. दोरा काढून त्या पानावर आठ आकडे एकाखाली एक लिहायला लागल्या. "त्या शिकणार आहेत" असं त्या म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य मनात परत एकदा म्हणून बघितलं, चुकीचं ऐकलं नाही ना म्हणून.

धडे छापून आणायला स्कूलचा जुना प्रिंटर होता, तो कुरकुरत चालू झाला. मास्तरांनी पहिला धडा घेतला आणि, शिकवायची सवय असल्यामुळे, उभं राहून खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. माझी वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार ठाम वाटत होती. पहिला परिच्छेद निघून गेला. दुसऱ्याच्या तिसऱ्या ओळीवर लॅबवालीच्या खुर्चीमागून काकांनी मान वर न करता पेन्सिल वर केली.

"थांबा," ते म्हणाले.

"काय झालं?" मी विचारलं.

"इथे तुम्ही 'नेहमी' लिहिलंय. 'बहुतेक वेळा' करा."

मी केलं.